मोदकांचा बॉयलर

नोकरी कसली करत होतात असं कुणी विचारलं आणि मी 'बॉयलर पेटवत होते' असं सांगितलं, की माणसं आधी माझ्या भुवयांकडे बघतात. भुवया शाबूत आहेत. केसही माझेच आहेत, रंग तेवढा विकतचा. बर्नर बनवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस खात्यात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि एकदाही कुठे स्फोट झाला नाही, हे कळल्यावर ऐकणाऱ्याची जरा निराशाच होते. आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या बायकांचा तर अजूनही समज आहे की मी गीझर दुरुस्त करायचे. एकीने मला हाताला धरून तिच्या बाथरूममध्ये नेऊन उभं केलं होतं. गीझरचं बटण बंद होतं. मी ते चालू केलं, तिने मला कांदेपोहे दिले.

तर माझं काम असं. नवा बॉयलर जागेवर बसला, पाण्याचे, वाफेचे आणि गॅसचे पाइप जोडून झाले, की तो पहिल्यांदा पेटवून द्यायला कंपनीचं माणूस जातं. नुसता पेटवायचा नाही, दोन गोष्टी तपासायच्या. तो किती खातो आणि खाल्लेलं कसं पचवतो.

किती खातो ते मीटरवर कळतं. बॉयलर पूर्ण ताकदीवर चालवायचा, हातात घड्याळ घ्यायचं आणि ठरावीक वेळात गॅसचा मीटर किती पुढे सरकला ते बघायचं. बॉयलरच्या अंगावरच्या पट्टीवर जेवढी भूक लिहिलेली असते तेवढीच ती असायला हवी. कमी खाल्लं तर वाफ पुरत नाही, जास्त खाल्लं तर अपचन होतं. पचवतो कसं ते धुरांड्यात कळतं. धुरांड्याला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यात स्टीलची सळई सरकवायची, तिची नळी हातातल्या यंत्राला जोडलेली असते. जळून झाल्यावर ऑक्सिजन किती उरला आणि कार्बन मोनॉक्साइड किती तयार झाला, ते यंत्र सांगतं. ऑक्सिजन थोडा उरायला हवा, म्हणजे ज्योतीला हवा पोटभर मिळाली. कार्बन मोनॉक्साइड, त्याला आम्ही सीओ म्हणतो, जवळजवळ नसायलाच हवा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोप लागावी तसा घेऊन जातो. त्या एका आकड्यासाठी मी लोकांशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही, आणि नवऱ्याशी मी बरीच भांडलेली आहे.

यंत्रं परदेशातून आली तरी आपल्याकडे बॉयलर दोनदा पेटतो. एकदा माझ्या तपासणीत आणि एकदा पूजेत. पूजेतली गंमत अशी की बटण दाबल्यावर ज्योत लगेच येत नाही. आधी काही वेळ नुसता पंखा फिरतो. भट्टीत चुकून गॅस साठला असेल तर तो बाहेर फेकायचा, मग ठिणगी. तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात गुरुजींनी बरोबर मुहूर्तावर 'दाबा' म्हटलं, शेठजींनी दाबलं आणि पंखा नुसता घरघरत राहिला. शेठजींचा चेहरा उतरला. गुरुजी माझ्याकडे बघायला लागले, मी गुरुजींकडे. शेठजींच्या आईने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात भक्क करून ज्योत आली, पण तोवर मुहूर्त टळला होता म्हणे. तेव्हापासून मी शहाणी झाले. आरतीचं शेवटचं कडवं सुरू झालं की मी मागच्या मागे हळूच बटण दाबायची. इकडे नारळ फुटायचा, तिकडे ज्योत यायची. कितीतरी गुरुजींची अब्रू मी अशी राखलेली आहे.

उद्घाटनाच्या फोटोंत मात्र मी कुठेच नाही. पुढे फीत कापली जात असते तेव्हा मी बॉयलरच्या मागे, ज्योत बघायच्या काचेला डोळा लावून वाकलेली असते. एका फोटोत माझी पाठ आली आहे. याचं मला थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मोठमोठे कारखाने झाले, हॉटेलं झाली, हॉस्पिटलांच्या लाँड्र्या झाल्या. पण कुणी गोष्ट सांगा म्हटलं की मला शिरवण्याचा एक लहानसा बॉयलरच आठवतो.

शिरवणे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी तिथे माझं जाणं मासळी आणण्यापुरतंच. तिथल्या रंजना म्हात्रेचे उकडीचे मोदक नेरूळ-सीवूड्समध्ये प्रसिद्ध होते. ज्यांना कळ्या पाडता येत नाहीत पण नैवेद्याला मोदक तर हवेत, अशा सगळ्यांच्या घरचा गणपती रंजनावर अवलंबून. माझं माहेर देवरुखकडचं असलं तरी त्या सगळ्यांत मीही आले. रंजनाचा नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर आणि ही घरी, चार शेगड्यांवर चार पातेली चढवून मोदक उकडत बसलेली. मागणी वाढत गेली आणि शेगड्या पुरेनात. मग पाइपच्या गॅसवर चालणारा छोटा बॉयलर घ्यायचा, त्याची वाफ स्टीलच्या कपाटांत सोडायची आणि एका वेळी कपाटभर मोदक उकडायचे, असं तिने ठरवलं. गावातल्या बायका हाताशी घेतल्या. त्या वर्षीच्या गणपतीसाठी सोसायट्यांना शब्दही देऊन बसली.

जागेचा प्रश्न होता. सरकारने शेती घेतली तिच्या मोबदल्यात, साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर म्हात्र्यांची बिल्डिंग उभी आहे, तिच्या तळमजल्यावर एक गाळा रिकामा होता. पण घरातले कर्ते म्हणजे रंजनाचे थोरले दीर, काशिनाथशेठ. त्यांचे ट्रेलर जासईच्या कंटेनर यार्डात फिरतात, आणि त्यांना तो गाळा टायर ठेवायला हवा होता. 'मोदक काय घरात होत नाय?' हा त्यांचा सवाल. बरीच धुसफूस झाली. शेवटी काशिनाथशेठनी अट घातली की उद्घाटनाच्या दिवशी दुपारच्या आत मशीन चाललं तर गाळा रंजनाचा, नाही चाललं तर टायर आत. आणि माणूस शब्दाचा इतका पक्का की मी सकाळी पोचले तेव्हा टायर आधीच येऊन गल्लीत गाळ्याच्या भिंतीला टेकून रचून ठेवलेले होते.

"म्याडम, आज पेटला पायजे हां," रंजनाने मला दारातच गाठलं. "भावजी टायर घेऊनच बसलेत बगा."

"अगं, पेटायचं काम त्याचं आहे, तपासायचं माझं. मला आत तर येऊ दे."

गल्लीत पाणी भरतं म्हणून गाळ्याचं जोतं चांगलं उंच केलेलं होतं. पुढच्या भागात बॉयलर, मग एक भिंत, आणि भिंतीमागे बायका मोदक वळायला बसणार तो ओटा. बॉयलरच्या खोलीला गल्लीकडच्या भिंतीत खाली एक झडपांची खिडकी होती, ज्योतीला लागणारी हवा आत यायला. ती मी आधी बघितली. झडपांमधून सकाळचं ऊन आत येऊन फरशीवर पट्टे पडले होते. मी हात लावून बघितला, हवा येत होती. मनात म्हटलं, छान.

रंजना पूजेचं ताट घेऊन मागे उभी होती. बॉयलरला हळदीकुंकू लावून झालं होतं, जास्वंद वाहून झाली होती, आणि आता झेंडूचा हार घालायला ती पंख्याच्या तोंडाकडेच निघाली होती.

"तिथे नको! पाकळ्या आत ओढून घेईल तो."

"मग कुठं घालू?"

"दाराच्या कडीला घाल. पाइपाला घाल. माझ्या गळ्यात घाल वाटलं तर. पण पंख्याला नाही."

तिने तो कडीला घातला. इतक्या वर्षांत मी हार, तोरणं, रिबिनी आणि एकदा तर अख्खी केळीची खुंटं बर्नरच्या तोंडापासून लांब ठेवली होती. या बाबतीत मला कुणी फसवू शकणार नाही अशी माझी पक्की समजूत होती.

पहिली तपासणी गॅस किती खातो त्याची. बॉयलर पेटवण्याआधी मीटर बघितला, काटा जागच्या जागी, म्हणजे गळती नाही. पेटवला, पूर्ण ताकदीवर नेला, घड्याळ लावलं. मीटर भलताच पळत होता. पट्टीवर लिहिलेल्या भुकेपेक्षा चांगलाच जास्त. बर्नरपाशी दाब मोजला तर तो मात्र अगदी बरोबर. दाब बरोबर असताना भूक जास्त कशी? पुन्हा मोजलं, तेच उत्तर. मी बॉयलर बंद केला आणि मीटरकडे बघितलं तर मीटर चालूच!

बॉयलर बंद, आणि गॅस तर चाललाय. मी नाक वर करून हुंगायला लागले. गॅसचा वास नव्हता. आल्याचा वास होता.

मागच्या ओट्यावर एका भल्यामोठ्या टोपात चहा उकळत होता आणि शेजारच्या शेगडीवर सत्यनारायणाला शोभेल एवढा शिरा. दोन्ही शेगड्या त्याच मीटरवर.

"कुणी लावला हा चहा?" मी ओरडले.

नारळ खवत बसलेल्या बाईने मान वर केली. त्या काशिनाथशेठच्या पत्नी. "तुमच्यासाटीच ठेवलाय, बाय. सकाळपासून उपाशी असाल."

मी चहा होईपर्यंत थांबले, प्याले, शिराही खाल्ला, मग शेगड्या बंद करायला लावल्या आणि पुन्हा मोजलं. बॉयलरची भूक पट्टीवर होती तेवढीच निघाली. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून मी त्याचा गॅस कमी केला असता तर तो बिचारा जन्मभर माझ्या चहापायी उपाशी राहिला असता.

मग धुरांड्यात सळई घातली. ऑक्सिजन हवा तेवढा, सीओ नावापुरता. रंजना माझ्या खांद्यावरून बघत होती. "चांगला हाय ना आकडा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पहिल्या नंबरात पास." तिने लगेच नवऱ्याला मेसेज पाठवला. तो कुठल्या समुद्रावर होता देव जाणे.

मग पूजा झाली, नारळ आणि बटण तेवढं उद्घाटनासाठी राखून ठेवलं. बाहेर मंडपवाल्यांची ठोकाठोक चालू होती, कुठे काय ठोकतायत इकडे माझं लक्ष नव्हतं. उद्घाटनाला गावातले एक माजी नगरसेवक येणार होते, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांची वाट बघता बघता मी माझी शेवटची तपासणी घ्यायचं ठरवलं. ही तपासणी मी नेहमी दारं-खिडक्या लावून घ्यायची. बॉयलरचा खरा स्वभाव दार बंद झाल्यावर कळतो. बरेच लोक ती टाळतात, कारण उकडतं.

दार लावलं, बॉयलर पेटवला, सळई आत. सुरुवातीला ठीक होतं. मग ऑक्सिजन उतरायला लागला. सीओ दहांतून शंभरात गेला. मी यंत्राला टिचकी मारली, जणू काही चूक त्याची होती. सीओ तीनशेच्या पुढे गेला तेव्हा मी रंजनाला हाक मारायला दार उघडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा खाली आला. दार लावलं, वर. उघडलं, खाली.

मी बॉयलर बंद केला. हवा कमी पडतेय हे उघड होतं. पण खिडकी तर मी स्वतः हात लावून बघितली होती! मी फरशीकडे बघितलं. उन्हाचे पट्टे नव्हते. ढग आले असतील म्हणावं, तर दारातून ऊन सरळ माझ्या पायांवर पडत होतं.

मी धावत गल्लीत गेले.

दार सोडून गाळ्याची पुढची सगळी भिंत एका फ्लेक्सने झाकली होती. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला, भिंतीला चिकटून, खिळे मारून पक्का केलेला. वर दादांचा हात जोडलेला फोटो. खाली मधोमध, दादांच्या खालोखाल मोठा, काशिनाथशेठचा फोटो, टाय आणि गॉगल लावलेला. बाजूला कमळं, मोदक, 'भव्य उद्घाटन'. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'सौ. रंजना'. तिचा फोटो नव्हता.

काशिनाथशेठ फ्लेक्सकडे कौतुकाने बघत उभे होते. "कसा वाटला म्याडम? घरचं काम हाय, बोललो लहान कनाला करायचा?"

गाळ्याला विरोध करणारे हेच, आणि गावातला सगळ्यात मोठा फ्लेक्स लावणारेही हेच! मला हसावं की डोकं धरावं कळेना. मी हिशेब केला. जोतं उंच असल्याने आतून खाली असलेली खिडकी बाहेरून डोक्याच्या वर येत होती, बरोबर गॉगलच्या मागे.

"शेठ, हा काढावा लागेल. याच्यामागे हवेची खिडकी आहे."

"काढायचा? दादा निगालेत घरातून!"

"मग बॉयलर चालणार नाही."

"दार उघडा ठेवून चालवू. आमच्याकडं दार कोन लावतो?"

"आज नाही लावणार. पावसाची झड आली की लावाल, मांजर शिरायला लागलं की लावाल. मी अशा खोलीला पास म्हणणार नाही."

मी आत गेले, गॅसचा मुख्य व्हॉल्व बंद केला, त्याचा दांडा काढला आणि सरळ पर्समध्ये टाकला. हे पुस्तकात लिहिलेलं नाही, पण पर्स असण्याचा हा एक फायदा.

रंजना दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हनजे नाय चालनार?" ती अगदी हळू म्हणाली. मग तिने टायरांकडे बघितलं आणि पदराच्या टोकाने बॉयलरवरचं हळदीचं बोट पुसून नीट करत बसली, जसं काही तेच काम राहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. मशीनमध्ये काही दोष नव्हता. बाईचं काम चोख होतं. आणि मी दांडा पर्समध्ये टाकून उभी होते.

मंडपवाला दुसऱ्या गावी निघून गेला होता, फोन उचलत नव्हता. चौकट अशी ठोकली होती की ओढून काढायची तर फ्लेक्स फाटलाच असता, आणि दादांचा फोटो फाटलेल्या फ्लेक्सने त्यांचं स्वागत करायचं म्हणजे पुढचं सगळं राजकारण काशिनाथशेठच्या अंगावर. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दादा पाम बीच रोडला लागले होते.

इथे मला वाटलं, आता शेठ म्हणणार, बघ रंजना, नाही चाललं तुझं मशीन. त्यांना काहीही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी गाळा त्यांचा होता.

ते आत आले. माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं. "यो गॅस पलीकडं जातो? बायका बसतात तिकडं?"

"जातो," मी म्हटलं. "कुणाला कळायच्या आत जातो."

भिंतीपलीकडून नारळ खवायचा खर्र खर्र आवाज येत होता. त्यांची बायको तिथेच होती, माझ्यासाठी चहा ठेवणारी. काशिनाथशेठ त्या आवाजाकडे वळले.

मग ओट्यावर गेले आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन बाहेर आले. गल्लीतली माणसं बाजूला सरकली. शेठ धोतराचा सोगा खोचावा तशी पॅन्ट वर ओढून स्वतःच्या टायरांवर चढले. एक, दोन, तीन टायर. फ्लेक्सवरच्या स्वतःच्या गॉगलसमोर तोंडाला तोंड लावून उभे राहिले.

"कितपत कापू म्याडम?"

"खिडकी दिसेपर्यंत. कानापासून कानापर्यंत जाईल."

"टाय राहील?"

"टायला हरकत नाही."

कोयत्याचं टोक त्यांनी स्वतःच्या कपाळावर टेकवलं आणि कापत गेले. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांची बायको दारात येऊन म्हणाली, "कपाळ नीट कापा, आदीच मोठं हाय." शेठ वरून म्हणाले, "तू गप नारळ खव." पण हसत होते. चेहऱ्याचा चौकोन सुटून खाली पडला आणि मागे झडपा दिसल्या. आता तिथे नुसता टाय होता आणि त्यावर खिडकी.

मी दांडा परत बसवला. दार लावून घेतलं. या वेळी आत तिघं होतो, मी, रंजना आणि घामाने निथळणारे शेठ. बॉयलर पेटला. आम्ही तिघं त्या लहानशा पडद्याकडे बघत होतो. ऑक्सिजन जागेवर आला. सीओ चढला नाही. थांबलो, अजून थांबलो, तो चढलाच नाही.

"पास?" रंजनाने विचारलं.

"पास," मी म्हटलं, आणि बॉयलर बंद केला. पूजेतलं पेटणं अजून व्हायचं होतं.

शेठनी दार उघडलं आणि बाहेर कुणाला तरी ओरडून सांगितलं, "ए, टायर उचला रे इथून. दादांच्या गारीला जागा नको?" गाळ्याचं नाव कुणी काढलं नाही. पण रंजनाने माझा हात घट्ट धरला, तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मी धुराचं कारण सांगू शकले असते, पण धूर तर नव्हताच.

दादा आले, गाडीतून उतरले, वर बघितलं. "काशिनाथ, तुझा फोटो कुठं गेला?"

"दादा, हवा यायला वाट केली."

दादांना ते काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी शेठची पाठ थोपटली आणि भाषणात 'मागे राहून काम करणारी माणसं' असा उल्लेख दोनदा केला. बाहेर नारळ हातात घेऊन ते बोलत होते तेव्हा आत मी रंजनाला बटणापाशी उभं केलं. म्हटलं, दाब आता. ती म्हणाली, दादा दाबनार ना? मी म्हटलं, दादा नारळ फोडतील, तू दाब. तिने दाबलं. पंखा फिरायला लागला. मी तिला काचेच्या भोकापाशी वाकायला लावलं. बाहेर नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि त्याच वेळी तिला ज्योत दिसली. "निली हाय," ती म्हणाली. "म्याडम, निली हाय पार." या वेळीही फोटोत आम्ही कुणीच आलो नाही.

त्या वर्षी तिने दिलेले सगळे शब्द पाळले. माझ्या घरच्या गणपतीलाही तेच मोदक होते.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मी वार्षिक तपासणीला गेले. नोकरीतल्या माझ्या शेवटच्या काही कामांपैकी ते एक. गल्लीत वळले आणि लांबूनच दिसलं, भिंतीवर पुन्हा फ्लेक्स. माझं डोकंच फिरलं. शिकवलं ते सगळं वाया गेलं म्हणत मी तरातरा पुढे गेले.

वर दादा होतेच. पण मधोमध मोठा फोटो रंजनाचा होता, नऊवारीत, हातात मोदकांचं ताट. काशिनाथशेठ खाली कोपऱ्यात, लहान, बिनगॉगलचे. आणि रंजनाच्या शेजारी फ्लेक्सला एक मोठा चौकोन कापलेला होता. नीट, पट्टी लावून, कडा शिवून घेतलेला. त्यातून खिडकीच्या झडपा दिसत होत्या.

शेठ खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "हे प्रिंटरनं केलं?"

"मी बसून करून घेतला त्याच्याकडनं. माप मीच नेला. त्यो बोलतो, शेठ, जागा फुकट जाते, कुनाचा तरी फोटो टाकू." शेठ खुर्चीतून उठले आणि त्या चौकोनापुढे हात धरून बघितला, हवा लागते का ते. "मी बोललो, हितं कुनाचाच तोंड नको. हितनं त्यो दम घेतो."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. फरशीवर उन्हाचे पट्टे पडले होते. सीओचा आकडा किती येणार ते मला तेव्हाच कळलं. तरी पिशवीतून यंत्र काढलं आणि सळई धुरांड्यात सरकवली.